आमटीतला गूळ

सिनेमातल्या स्वयंपाकघरांवर माझा जुना राग होता. सगळ्या सिनेमांतल्या नाही, एका ठरावीक जातीच्या. मुलगा नाहीतर मुलगी लंडन, ग्लासगो किंवा न्यूयॉर्कमध्ये, आईवडील देशी, मुलाचं प्रेम मुलावर किंवा मुलीचं मुलीवर, आणि या सगळ्यांच्या मधोमध जेवणाचं टेबल. पंधरा-वीस मिनिटं झाली की फोडणी तडतडणार हे ठरलेलं. हे सिनेमे मी पाहिले ते बहुतेक लिबर्टीत. ‘कशिश’ महोत्सव मुंबईत 2010 साली सुरू झाला आणि पुढे काही वर्षं मरीन लाइन्सच्या त्या जुन्या, देखण्या थिएटरात भरला. एल्फिन्स्टन रोडला गाडी पकडायची, मरीन लाइन्सला उतरायचं, दिवसभर सिनेमे बघायचे. मध्यंतरात चहा पिताना आमच्या टोळक्यात मी ठरलेलं वाक्य फेकायचो, ‘आली पुरणपोळी. आता आई डोळे पुसणार आणि सगळं माफ.’ टोळकं हसायचं.

मी स्वतः त्याच गोतावळ्यातला. लालबागच्या चाळीत वाढलेला, गिरणी कामगाराचा मुलगा आणि पुरुषावर प्रेम करणारा. त्यामुळे हा राग परक्याचा नव्हता. माझं म्हणणं असं होतं की या सिनेमांत जेवण ही लाच आहे. प्रतिभा परमार यांचा ‘नीनाज हेवनली डिलाइट्स’ (2006) माझा मुख्य आरोपी. वडील वारले म्हणून नीना ग्लासगोला परत येते, त्यांचं रेस्तराँ वाचवायला करीच्या स्पर्धेत उतरते आणि लिसाच्या प्रेमात पडते. म्हणजे मुलीने आधी वडिलांची करी जमवून दाखवायची आणि मगच तिच्या प्रेमाकडे घरच्यांनी बघायचं, असा मी त्याचा अर्थ लावला होता. गोऱ्या प्रेक्षकालाही ते सोयीचं. मसाल्याचा वास आला की ‘संस्कृती’ आली, पुढचं काही समजून घ्यायला नको. आम्ही काय आचारी म्हणून जन्माला आलो आहोत का, असं मी तावातावाने विचारायचो.

त्याउलट वाँग कार-वाई यांचा ‘हॅपी टुगेदर’ (1997) मला प्रिय होता. हाँगकाँगचे दोघे ब्यूनोस आयर्समध्ये अडकलेले, पैसे नाहीत, रोज भांडणं. त्यातला एक तापाने फणफणलेला असतो, तरी दुसऱ्याला भूक लागली म्हणून अंगावर पांघरूण घेऊन त्याच्यासाठी रांधतो. तिथे आई नाही, कुणाची मनधरणी नाही, म्हणून ते जेवण मला खरं वाटायचं. आईसमोर रांधलं की खोटं आणि प्रियकरासाठी रांधलं की खरं, असा माझा सरळ हिशेब होता.

तो हिशेब पहिल्यांदा विस्कटला एका आमटीने. माझा जोडीदार गिरगावचा, फणसवाडीच्या बाजूचा, शाकाहारी घरातला. तेव्हा आम्ही एकत्र राहत नव्हतो. तो त्याच्या आईबरोबर आणि मी माझ्या. मुंबईतले जागेचे भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातलं निम्मं कारण सांगायला नको, आणि उरलेलं निम्मं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा बरेच दिवस दुपारचा डबा गिरगावातून यायचा. मऊ भात, मुगाची आमटी, दुधीची भाजी, कधी ताकाची कढी. चाळीत कुणी विचारलं की मी सांगायचो, दादरच्या एका खानावळीतून येतो.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्याकडचे. आमच्या घरी आमटी म्हणजे कांदा-लसूण चटणी. दर उन्हाळ्यात आई लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन मिरच्या हाताने निवडणार, देठं खुडणार, भाजून डंकावर कुटून आणणार आणि डंकावर स्वतः उभी राहणार, कारण तिचा कुणावर विश्वास नाही. गूळ आमच्याकडे पुरणात नाहीतर चहात. आमटीत गूळ म्हणजे बामणाघरचं काम. तर एके दिवशी आईने पहिलाच घास घेतला आणि विचारलं,

‘ह्यात गूळ कुणी घातला रं?’

‘खानावळवाल्यानं.’

‘खानावळवाला आमसूल बी घालतोय व्हय? आन् मीठ कमी घाल म्हणून त्याला कुणी सांगितलं?’

मीठ कमी करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते मी एकाच माणसाला कळवलं होतं. आई पुढे काही बोलली नाही. जेवली. डबा परत द्यायच्या वेळी मात्र तिने तो माझ्याकडून नीट घासून घेतला आणि मधल्या पुडात कांदा-लसूण चटणीची पुडी ठेवली. आपल्याकडे डबा रिकामा परत जात नाही. खानावळीचा जातो.

त्याच सुमारास अँग ली यांचा ‘द वेडिंग बँक्वेट’ (1993) मी पुन्हा पाहिला. न्यूयॉर्कमध्ये वेई-तुंग आणि सायमन एकत्र राहतात. तैवानहून आईवडील येणार म्हणून वेई-तुंग एका मुलीशी नावापुरतं लग्न करतो. या मुलीला स्वयंपाक येत नाही. आत सायमन रांधतो आणि बाहेर कौतुक सुनेचं होतं. पहिल्यांदा मी त्या प्रसंगाला खळखळून हसलो होतो, विनोदच आहे तो. या वेळी हसू येईना. सायमनने शिजवलेलं सासूसासऱ्यांनी खाल्लं, त्यांना आवडलं, पण ते त्याच्या नावावर जमा झालं नाही. लाच द्यायची तर ती आपल्या नावाने द्यावी लागते. इथे नावच पुसलेलं. आणि दादरच्या खानावळीच्या नावावर गिरगावचा डबा चढवणारा मी बसलो होतो प्रेक्षकांत.

तिथून मी ही गोष्ट दुसऱ्या टोकाने बघायला लागलो. लग्न न करणाऱ्या मराठी मुलाला घरचे नेमकं काय विचारतात? वंश, समाज, लोक काय म्हणतील, ही सगळी मागाहूनची कलमं. पहिला प्रश्न भाकरीचा. ‘मी गेल्यावर तुला कोण करून घालणार?’ माझ्या आईने तो मला कामावरून आल्यावर विचारला, देवळातून आल्यावर विचारला, भाकरी थापता थापता विचारला. मुलगा बँकेत नोकरीला आहे, त्याला स्वतःला चांगला स्वयंपाक येतो, खाली उतरलं की दहा ठिकाणी जेवण मिळतं, यातलं काहीही त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. कारण तो प्रश्न पोट भरण्याचा नसतो. तुझं ताट कुणाच्या हिशेबात आहे, उशीर झाला तर झाकून कोण ठेवणार, असा तो असतो. आणि याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, फक्त ते मी खानावळीच्या नावावर लपवून ठेवलं होतं. मग सिनेमातल्या मुलांनी आईसमोर जेवण मांडलं तर ती लाच कशी? विचारलेल्या प्रश्नाचं ते सरळ उत्तर आहे.

हा प्रश्न गिरणगावात विचारला जावा यात एक मजा आहे. हे गावच मुळी बायकोवाचून राहणाऱ्या पुरुषांनी वसवलं. 1911 ते 1931 च्या जनगणना बघा, मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा बायका नाहीत. कोकणातून आणि घाटावरून माणूस आला तो एकटा. बायकापोरं गावी, शेतावर. एकेका गावची मंडळी मिळून एकेक खोली घ्यायची. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ट्रंका, पाळी बदलली की अंथरूणही बदललं. आणि जेवायला खानावळ. ती चालवणारी बाई बहुधा त्याच मुलखातली, अनेकदा विधवा किंवा नवरा घरी बसलेला. दहा-पंधरा गड्यांचं दोन वेळचं रांधायचं, पगाराला हिशेब. संपात पगार थांबले तेव्हा या बायकांनी उधारीवर जेवायला घातलं आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. त्यांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. माझे वडील लग्न होऊन आई मुंबईला येईपर्यंत अशाच एका बाईंकडे जेवत. त्यांचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जाई.

त्या खोल्यांतल्या पुरुषांमध्ये कुणाचा कुणावर जीव होता याची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि मी ती आता माझ्या सोयीने भरणार नाही. एवढंच म्हणतो, की बायको जवळ नसलेल्या पुरुषाला वर्षानुवर्षं, नाव विचारून पण घर न विचारता जेवू घालणारी व्यवस्था या मातीत शंभर वर्षं चालली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांबरोबर तीही मोडत गेली. आता त्या जागी टॉवर आहेत आणि टॉवरमधली एकटी माणसं फोनवरून जेवण मागवतात. ‘तुला कोण करून घालणार’ हा प्रश्न मात्र चाळीतून टॉवरात सहीसलामत पोचला.

आई गेली तेव्हाची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकी आणि सोयरे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. कुणी कधी आणायचं याचा क्रम असतो आणि न सांगता तो सगळ्यांना ठाऊक असतो. माझा जोडीदार गिरगावातून भाकऱ्या घेऊन आला. त्याला भाकरी थापता येत नाही, कुणा बाईंकडून करून आणल्या होत्या. बरोबर पिठलं, ते त्याने स्वतः केलेलं. दारात मावशी उभी होती. तिने डबा हातात घेतला आणि तशीच थांबली. भावकीच्या भांड्यांत ठेवावा तर हा भावकीतला नाही. शेजाऱ्यांच्यात ठेवावा तर शेजारी तिसऱ्या दिवशी. सोयरा म्हणावं तर कोणत्या नात्याने? चुलत्याने बसल्या जागेवरून ‘ठेव तिथं कुठंतरी’ म्हटलं आणि डबा खिडकीत गेला. रात्री पंगत बसली तेव्हा मावशीने तो खिडकीतून उचलला आणि त्यातलं पिठलं आधी माझ्या ताटात वाढलं. काही बोलली नाही, पुढच्या माणसाला वाढायला गेली.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहताना तो खिडकीतला डबा मला सारखा दिसत होता. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात या सिनेमाला जागतिक कथापटांच्या विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, 19 सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. कानवडे मुंबईत एका खोलीच्या घरात वाढले, वडील ड्रायव्हर. 2016 साली वडील वारल्यावर गावी सुतकाचे दहा दिवस काढताना लग्नाच्या चौकशांनी त्यांना हैराण केलं आणि त्यातून हा सिनेमा निघाला. पडद्यावर आनंद (भूषण मनोज) वडिलांच्या दहा दिवसांसाठी आईबरोबर (जयश्री जगताप) गावी जातो. आईला त्याचं सगळं माहीत आहे. गावाला नाही. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या (सूरज सुमन) भेटतो, तोही बिनलग्नाचा. पार्श्वसंगीत अजिबात नाही. भांड्यांचे, शेळ्यांचे, माणसांचे आवाज तेवढे.

हा सिनेमा परदेशातल्या स्थलांतरिताचा नाही, हे खरं. पण मुंबईत पंचवीस-तीस वर्षं राहूनही ‘गाव कंचं’ या प्रश्नाला आपण आजही आजोबांचं गाव सांगतो, मग मुंबई-संगमनेर आणि दिल्ली-न्यूयॉर्क यांत फरक तिकिटाचा आणि पासपोर्टचा. बाकी नीनाची आणि आनंदची गोष्ट सारखीच सुरू होते. बाप गेला, घरी परत यावं लागलं, आणि घराने विचारलं, तू आता कुणाचा?

आनंदने काय खायचं, कुठे झोपायचं, पायात काय घालायचं, यावर त्या दहा दिवसांत भावकीची नजर आहे. जेवण त्याच्या हातात नाहीच. मग बाळ्या त्याच्यासाठी साबराची बोंडं आणतो, काटे काढून. ज्यांनी ती खाल्ली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. निवडुंगाचे मोठे काटे दिसतात, त्यांचं काही नाही. बोंडावर केसाएवढी कुसळं असतात, ती दिसत नाहीत आणि बोटात शिरली की दोन दिवस ठसठसतात. पोरं बोंडं मातीत घोळवतात, फडक्याने पुसतात, तरी एखादं राहतंच. आत गर्द लाल गर, बियाच बिया, जीभ रंगून निघते. हे फळ कुठल्याच विधीत नाही. नैवेद्याला चालत नाही, पंगतीत वाढत नाहीत, बाजारात त्याला भाव नाही. दादरला भाजीवालीला मी मुद्दाम विचारलं तर ती म्हणाली, ‘ते इकत घ्यायचं अस्तंय व्हय?’ भावकीच्या ताटाचा क्रम बाळ्याला मोडता येत नाही, म्हणून तो त्या क्रमाच्या बाहेरचं फळ आणतो. कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाच्या हिशेबातही येत नाही. माझ्या जुन्या भाषेत याला काय म्हणणार? लाच नक्कीच नाही. आनंदला ती कुसळं टोचू नयेत म्हणून कुणीतरी आपली बोटं टोचून घेतली, एवढंच आहे ते.

बायकांचं याहून वेगळं आहे आणि त्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. बाईला ‘तुला कोण करून घालणार’ असं कुणी विचारत नाही. तिला विचारतात, ‘तू कुणाला करून घालणार?’ दीपा मेहतांच्या ‘फायर’मधल्या राधा आणि सीता दिल्लीच्या एकत्र कुटुंबात राहतात, घरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानासाठी दोघी दिवसभर रांधतात, आणि त्या चुलीशीच एकमेकींना भेटतात. 1998 च्या डिसेंबरात मुंबईतल्या थिएटरांत तोडफोड झाली तेव्हा संस्कृती बुडाल्याची ओरड झाली. मला आता वाटतं, दोन बायकांच्या शय्येइतकीच ती चुलीचीही भीती होती. रांधणाऱ्या दोघी एकमेकींसाठीच रांधायला लागल्या तर दिवाणखान्यात ताटाची वाट बघत बसलेल्यांचं काय? कानवडे यांच्याच ‘उ उषाचा’ या 2019 च्या लघुपटात निरक्षर शेतमजूर बाईचं मन शाळेतल्या बाईंकडे ओढ घेतं, तिथेही घरकाम आणि पोटापाण्याची धावपळ कुठे थांबलेली नाही. बाईच्या प्रेमाला स्वयंपाकघरातून सुट्टी मिळत नसते. यावर एखाद्या बाईनेच लिहायला हवं.

तेव्हा माझं मत बदललं, ते एवढं. ‘नीनाज हेवनली डिलाइट्स’ मला आजही फार चांगला सिनेमा वाटत नाही. ती स्पर्धा, तो रंगीबेरंगी शेवट मला अजून खुपतो. पण मुलगी वडिलांच्या चुलीपाशी उभी राहिली म्हणून मी तिला लाचखोर म्हणत होतो, ते आता म्हणणार नाही. ‘रोटी-बेटी व्यवहार’ सांभाळणाऱ्या, कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर पिढ्यान्‌पिढ्या जाती जोखणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाने जेवणाला सजावट समजावं, हे जरा अतिच होतं. आपल्याकडे माणूस घरात घेतला की नाही हे ताटावरून कळतं, हे मला लालबागच्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं.

कायद्याच्या बाजूने या गोष्टीला एक शेपूट आहे. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 मधून आपण सुटलो. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि या जोडप्यांच्या अडचणी एका समितीकडे सोपवल्या. त्यानंतर 2024 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने जी मोजकी पावलं जाहीर केली त्यांत संयुक्त बँक खातं होतं आणि रेशन कार्ड होतं. अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले धरा, असं अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं. लग्न नाही, वारसा नाही, पण गहू-तांदूळ एका कार्डावर. वाचून मी आधी हसलो, मग म्हटलं, सरकारलाही शेवटी भाकरीचंच कलम पहिलं सुचलं.

आणि जनगणनेत तर हे कलम कधीपासून आहे. तिथे कुटुंब म्हणजे सहसा एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं ही त्यात अट नाही. आम्ही दोघे आता परळला एकत्र राहतो, आमटीत एक दिवसाआड गूळ पडतो. पुढची शिरगणती 2027 च्या फेब्रुवारीत आहे. तुमच्या मजल्यावर असे दोघे किंवा अशा दोघी राहत असतील, दाराला कुलूप असेल आणि प्रगणकाने तुमच्याकडे चौकशी केली, तर ‘दोन भाडेकरू राहतात’ असं सांगू नका. चूल एक आहे, कुटुंब एक लिहा म्हणून सांगा.